यामाहा बॅन्शी ३५०: बाहेरचे पाइप लावून हिवाळाभर वाळूत

बॅन्शी या चार चाकांच्या ऑफ-रोड गाडीला बाहेरच्या कंपनीचा कोणता एक्झॉस्ट पाइप लावावा, याचा आधी निकाल सांगतो, तपशील नंतर. सिलेंडर कंपनीतून आला तसाच असेल आणि गाडी मुख्यतः वाळूत चालणार असेल, तर टूमी कंपनीचा टी-५ पाइप घ्या. झाडीतून, दगडगोट्यांच्या वाटेने हळूहळू जायचं असेल तर एफएमएफ कंपनीचा फॅटी. आणि ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, बनवलेले ते मोठ्या पोटाचे पाइप, पोर्टिंग (सिलेंडरमधली वायू ये-जा करायची तोंडं कोरून वाढवणं) केलेलं नसेल तर, कुणी निम्म्या किमतीत दिले तरी घेऊ नका.

माझी बॅन्शी २००१ची, सेकंडहँड घेतलेली. मी सॅन डिएगोला राहतो, त्यामुळे वाळू म्हणजे ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्या: इंटरस्टेट ८ ने पूर्वेला, डोंगर उतरून इंपीरियल व्हॅलीत, ब्रॉलीच्या पुढे. सबंध हिवाळा आणि त्यानंतरचे गरम व्हायला लागलेले काही आठवडे तिथेच गाडी हाणली. अधूनमधून डोंगरातल्या वाटाही केल्या. फॅटी आणि टी-५ हे दोन्ही संच मी स्वतःच्या गाडीवर वापरले. तिसरा अनुभव मित्राच्या गाडीचा, त्याबद्दल खाली.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ३४७ सीसी, दोन सिलेंडर, पाण्याने थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, ६४ मिमी बोअर (सिलेंडरचा व्यास), ५४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), २६ मिमीचे दोन मिकुनी कार्ब (कार्बोरेटर), सहा गिअर. सेल्फ नाही, रिव्हर्स नाही. १९८७ ते २००६ या काळातली मॉडेल्स अमेरिकेत विकली गेली. आपल्याकडे राजदूत ३५० म्हणून जी यामाहाची आरडी मोटरसायकल आली ती हवेने थंड होणारी होती. बॅन्शीचं इंजिन तिच्या पुढच्या पिढीतल्या, पाण्याने थंड होणाऱ्या एलसीच्या घराण्यातलं. त्यामुळे आरडी किंवा आरएक्स हाताळलेल्या माणसाला हे इंजिन उघडल्यावर परकं वाटत नाही.

आता पाइप. टू-स्ट्रोकमध्ये पाइप म्हणजे नुसती धूर जायची वाट नव्हे, तो इंजिनाचा चालता भाग आहे, फक्त हलत नाही. एक्झॉस्ट पोर्ट (सिलेंडरमधून जळका वायू बाहेर पडायचं तोंड) उघडला की दाबाची लाट पाइपात धावते. पुढे पाइप रुंद होत जातो तिथून उलट खेचणारी लाट मागे येते आणि सिलेंडरमधला जळका वायू ओढून काढते. त्या ओढीत थोडं ताजं मिश्रणही पाइपात सांडतं. मग पाइप पुन्हा निमुळता होतो, तिथे लाट आदळून परत फिरते आणि पोर्ट बंद व्हायच्या ऐन आधी ते सांडलेलं मिश्रण सिलेंडरमध्ये ढकलते. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेडच्या वॉल्टर काडेनने हे गणित रेसिंगसाठी बसवलं. त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेला पळाला, सुझुकीला मिळाला, आणि ती विद्या जपानला पोचली. बॅन्शीचे दोन पिस्टन आलटून पालटून वर येतात, म्हणून प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र पाइप. दोन्ही एकात जोडले तर एकाची लाट दुसऱ्याच्या कामात लुडबुड करते.

यातून निवडीचं सगळं निघतं. लाट परत यायला लागणारा वेळ पाइपाच्या लांबीवर ठरतो, म्हणजे कुठलाही पाइप ठरावीक आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्यांनाच) नेमका बसतो. पाइप आखूड केला की ताकद वरच्या आरपीएमला सरकते. पाइपाच्या रुंद आणि निमुळत्या होणाऱ्या भागांचा उतार तीव्र ठेवला तर ताकद जास्त मिळते पण ती मिळण्याचा आरपीएमचा पट्टा अरुंद होतो, उतार सौम्य ठेवला तर पट्टा रुंद आणि शिखर थोडं बुटकं. शेवटची बारीक नळी, जिला स्टिंगर म्हणतात, ती फार अरुंद झाली तर पाइपातला दाब आणि उष्णता वाढून पिस्टनच्या डोक्यावर येते. म्हणून मूळ नळी कापून घरी अंदाजाने दुसरी वेल्ड करायचे उद्योग नकोत.

कोल्हापूर-सांगलीकडे आरएक्सच्या सायलेन्सरमधली जाळी काढून टाकायची जुनी खोड आहे. आवाज वाढतो, चौकातली पोरं वळून बघतात, आणि गाडी खालच्या आरपीएमला पहिल्यापेक्षा मरगळते. आवाज म्हणजे ताकद नव्हे, हे इथल्या अमेरिकन मंडळींनाही पटवावं लागतं, तेव्हा आपलीच पोरं काही वेगळी नाहीत.

फॅटी लावल्यावर पहिला फरक खाली आणि मध्यात जाणवला. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ, पाइपांवर गाडी साधारण ६,००० पर्यंत विचार करते आणि मग एकदम सुटते. फॅटीवर ती सुटण्याआधीच हाताला लागते. अरुंद वाटेवर, वळणातून बाहेर पडताना, क्लच न दाबता नुसत्या थ्रॉटलवर गाडी उचलली जाते. वाळूत लहान लहान टेकड्यांची रांग असते तिथेही मजा येते. मात्र ग्लॅमिसच्या ओल्ड्समोबील हिलसारख्या उंच चढावर, मागे पॅडल टायर (वाळू ढकलायला आडव्या पट्ट्या असलेले) असताना, वरच्या गिअरात आणखी थोडा दम हवा होता असं प्रत्येक वेळी वाटलं.

तो दम टी-५ ने दिला. मध्यापासून पुढे गाडी खेचत राहते आणि स्टॉक जिथे हात टेकतो तिथे ही अजून चढत असते. बदल्यात अगदी खालचा थोडा भाग जातो. मी पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं काढून १३ चं लावलं, मागचं ४१ तसंच ठेवलं, आणि ती उणीव जवळजवळ भरून निघाली. स्प्रॉकेट पाइपाच्या मानाने चिल्लर खर्चाचं, पण वाळूत त्याने पडलेला फरक मला पाइपाइतकाच मोठा वाटला. एरवी बॅन्शीला टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा काटा) येत नाही, त्यामुळे हे सगळं कानाने आणि बुडाने ओळखायचं.

आता मित्र. सांगलीचा, माझ्यापेक्षा जास्त वेडा. त्याच्या बॅन्शीला ४ मिमी जास्त स्ट्रोकचा क्रँक आहे, पोर्ट वर उचललेले, मोठे कार्ब. त्यावर फ्रेमच्या बाहेरून जाणारे ड्रॅग पाइप. त्याची गाडी ज्या तऱ्हेने टेकडी गिळते ते बघून कुणालाही तेच पाइप हवेसे वाटतील. “लाव की लेका तुझ्या गाडीला, बघ तरी!” म्हणाला. लावले, कार्बमधले जेटही (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) त्याप्रमाणे बदलले. माझ्या स्टॉक सिलेंडरवर ते पाइप म्हणजे नाकापेक्षा मोती जड. खाली काही नाही, मध्यात काही नाही, क्लच घसरवत न्यावी तेव्हा कुठे वर जरा जीव, आणि तिथे पोचेपर्यंत टेकडी संपलेली. पाइपात खोट नव्हती. एक्झॉस्ट पोर्ट जितका वेळ उघडा राहील असं धरून तो पाइप बनवला होता, तितका वेळ माझा पोर्ट उघडाच राहत नाही. तेच पाइप संध्याकाळी परत त्याच्या गाडीवर गेले आणि पुन्हा राक्षस झाले.

कार्बबद्दल सविस्तर लिहितो, कारण पाइपाच्या नावाने जितकी इंजिनं सीझ होतात त्यातली बहुतेक खरं तर जेटमुळे जातात. बाहेरचा पाइप जास्त हवा ओढवतो, म्हणजे पेट्रोलही जास्त द्यायला हवं. स्टॉक मेन जेट २०० चा; आकडा मोठा तितकं पेट्रोल जास्त. टी-५ आणि एअरबॉक्सचं (हवेच्या फिल्टरच्या डब्याचं) झाकण काढलेलं, अशा जोडीवर मी मुद्दाम मोठ्या जेटपासून, २९० पासून, सुरुवात केली आणि उतरत उतरत ग्लॅमिसच्या थंड दिवसांत २७० वर थांबलो. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. ग्लॅमिस जवळपास समुद्रसपाटीला आहे. हीच गाडी युटाच्या उंचावरच्या वाळूत नेली तर तिथल्या विरळ हवेत ती गुदमरेल, जेट लहान करावे लागतील. उलट थंड पहाटे हवा दाट असते, दुपारी बरोबर वाटलेलं जेट पहाटे लीन पडू शकतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी देतं. म्हणून मी जेट पहाटेच्या हिशोबाने ठेवतो, दुपारी गाडीने थोडी कुरकुर केली तरी चालेल.

पडताळायची पद्धत जुनीच: नवा प्लग, वरच्या गिअरात पूर्ण थ्रॉटल, मग एकाच वेळी किल स्विच आणि क्लच, आणि प्लग काढून आतल्या पांढऱ्या चिनीमातीच्या मुळाशी बघायचं. तिथे तपकिरी कडं हवं. कोरं पांढरं दिसलं तर पेट्रोल कमी पडतंय, घरी जा. दोन्ही प्लग वेगवेगळ्या रंगाचे आले तर दोष पाइपात शोधू नका, एका बाजूने हवा चोरून आत शिरतेय. इनटेकचे रबर बूट आणि त्यांना जोडणारी नळी ही नेहमीची ठिकाणं. पाइप लावण्याआधीच इंजिनात ६ पीएसआय हवा भरून ६ मिनिटं टिकते का ते पाहावं. पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण (मी ३२ ला १) एकदा ठरवलं की बदलायचं नाही, कारण ऑइल वाढवलं की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं. आणि गाडी मध्येच मिसिंग मारायला लागली तर थ्रॉटलवरची टॉर्स यंत्रणा तपासा. थ्रॉटल अडकला असं तिला वाटलं की ती स्पार्क तोडते, आणि शिव्या पाइपाला बसतात.

फिटिंगमध्ये फार काही नाही. फ्लँजचं गॅस्केट नवं घ्या, स्प्रिंगला बारीक तारेचा फेरा द्या, रबर बुश झिजले की लगेच बदला. बुश गेलेले असताना चालवत राहिल्याने मित्राच्या पाइपाचा ब्रॅकेट वेल्डपाशी तडकला होता. न रंगवलेलं लोखंड गराजमध्येही गंजतं, प्रत्येक वेळी धुऊन तेलाचा हात मारावा लागतो. सायलेन्सरमधलं ग्लास वूल ऑइलने भिजून बसलं की आवाज फाटतो. कॅलिफोर्नियात १९८६ पासून बनलेल्या गाड्यांना ९६ डेसिबलची मर्यादा आहे, आणि नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या गर्दीत रेंजर मोजायला उभे असतात. राष्ट्रीय वनांच्या हद्दीत जाणार असाल तर स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारा भाग) असलेलाच सायलेन्सर हवा. पाइप घेताना हा वेगळा खर्च बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

गाडी बंद होऊन वर्षं झाली, त्यामुळे जुने संच भरपूर फिरतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. बघायला जाताना टॉर्च न्या. पोर्टजवळच्या पहिल्या भागाला पोचा आला असेल तर सोडून द्या. पोटावरचा छोटा पोचा मी चालवून घेईन. डावा-उजवा एकाच संचाचे आहेत ना, वेल्डच्या रेषेत काळ्या ऑइलचा ओघळ आहे का, आणि विकणारा तो पाइप कुठल्या पोर्टिंगवर चालवत होता, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर भाव पाडा.