आरएक्स की रोडकिंग: सोप्यात बसून हलकी करायची असेल तर

गेल्या वर्षभरात तिघांनी विचारलं. एक मामेभाऊ, एक ऑफिसातलं पोरगं आणि एक तर रंकाळ्यावर फिरताना नुसती ओळख झालेला. प्रश्न तिघांचा एकच: जुनी मोटरसायकल घ्यायची आहे, घरीच उभी करायची आहे, जमेल तेवढी हलकी करायची आहे, तर यामाहाची आरएक्स १०० बघू की येझदी रोडकिंग? तिघांना तुकड्यातुकड्यानं सांगितलं, चौथ्यासाठी लिहूनच ठेवतो.

मी दोन्ही केल्यात. आधी आरएक्स, नंतर रोडकिंग. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं घर, पुढं सोपा म्हणजे दारातली पुढची खोली, सोप्याला वीतभर उंच दगडी उंबरा आणि बाहेर बोळ. माझं वर्कशॉप म्हणजे एवढंच. ज्यांच्याकडं पत्र्याची शेड आणि चेनब्लॉक आहे त्यांनी माझ्या म्हणण्यातून थोडं वजा करून वाचावं.

सीसी, ताकद, गिअर हे तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही. घेताना मात्र दोन गोष्टी बघा. दोन्ही गाड्या १९९६ सालीच बंद झाल्या. म्हणजे त्यातली सगळ्यात तरणी गाडीसुद्धा आता तिशीला टेकलेली. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं, आणि कित्येक मालकांनी ते केलेलंच नसतं. आरसी कुणाच्या नावावर आहे, इंजिन आणि चासीचा नंबर जुळतो का, हे आधी बघा. रंग आणि आवाज नंतर.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागाची. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात गाडी कुठं उभी होती, हे विचारा. मालक सांगणार नाही, गाडी सांगते. हेडलाईटचं भांडं उघडून वायरिंगच्या जुडग्यात बोट घाला. बारीक पिवळसर माती लागली तर समजा गाडी पाण्यात होती. दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकच्या क्रँकच्या बेअरिंगला पेट्रोलबरोबर येईल तेवढंच ऑइल मिळतं, खाली ऑइलचा साठा नसतो. आत पाणी आठवडाभर बसलं की बेअरिंगला गंजाचे खड्डे पडतात. इंजिन चालू होतं, चार महिने पळतंही, आणि मग तळातून खळखळ सुरू होते. मग हाफ इंजिनात, म्हणजे नुसतं वरचं सिलिंडर-पिस्टन करून भागत नाही, फुल काढावं लागतं.

आता आरएक्स. घरी काम करायला हिच्यासारखी सोयीची गाडी नाही, हे मोकळ्या मनानं कबूल करतो. सगळी मिळून शंभर किलोच्या आसपास. इंजिन फ्रेममधून सोडवून एकट्यानं उचलून पोत्यावर ठेवता येतं. बोल्ट कमी, जागा मोकळी, आणि कुठला पार्ट कुठून निघतो हे डोळ्यांना दिसतं. इग्निशन सीडीआयचं, म्हणजे ठिणगी इलेक्ट्रॉनिक डबी पाडते, त्यामुळं जुन्या पद्धतीचे ठिणगीचे पॉइंट घासत बसायची कटकट नाही. सीडीआय गेलाच तर रस्त्यावर काही करता येत नाही, दुसरा लावायचा, एवढंच.

पण हलकी करायला बसलात की कळतं, हिच्या अंगावर काढण्यासारखं फारसं नाहीच. लेगगार्ड काढला, कॅरिअर काढला, की संपलं. साडीगार्डला हात लावू नका. मागच्या चाकाला आडोसा हवाच, असा नियम आहे. पत्र्याचे मडगार्ड काढून फायबरचे लावता येतात, सीटखालचा पत्रा बदलता येतो. त्यापुढं जे काढाल ते गाडीच्या उपयोगाचं असतं.

हे मी अनुभवानं सांगतो. वजन कमी करायच्या नादात मी एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर बसवला. शिवाय ऑइलचा पंप आणि टाकी काढून टाकली, म्हटलं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळू. वाचलं किती? दीड-दोन किलो, फार तर. कार्ब्युरेटरमधला मेन जेट, ज्याच्या भोकातून पेट्रोल येतं, तो मात्र तोच ठेवला. एका रविवारी पन्हाळ्याला निघालो, वाघबीळच्या पुढं चढाला गाडी गच्च आवळल्यासारखी झाली आणि मागचं चाक घसटत थांबली. पिस्टन सीझ, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला. कारण सरळ होतं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, मिश्रण कोरडं झालं. कोरडं मिश्रण जास्त तापतं. आणि ऑइल पेट्रोलातूनच येत असल्यामुळं पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडणार. एका चुकीनं दोन्हीकडून मारलं. फिल्टर बदलाल तर जेट वाढवा, मग चार किलोमीटर चालवून प्लगचा रंग बघा. चॉकलेटी हवा. पांढरट दिसला तर तिथूनच मागं फिरा.

त्यानंतर रिबोअर आलं, म्हणजे सिलिंडर आतून परत तासून घेणं. उद्यमनगरात बोअरिंगवाले भरपूर आहेत आणि हात चांगले आहेत. फक्त एक गोष्ट तोंडानं सांगून या: बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा मारून द्या. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांची धार तशीच राहिली तर रिंग तिथं अडकते आणि तुटते. फोर-स्ट्रोकचं काम करून हात बसलेला मेस्त्री हे कधी कधी विसरतो.

आता रोडकिंग. सोप्यात आणली त्या दिवशी मी आणि शेजारचा पोरगा, दोघांनी मिळून उंबरा ओलांडला आणि दोघांचीही कंबर धरली. जवळजवळ एकशे चाळीस किलोची गाडी, त्यात आधीच्या मालकानं लावलेला लेगगार्ड विहिरीवरच्या कठड्यासारखा. इंजिन काढायला दुसरा माणूस लागतोच. आमच्या सौभाग्यवतींनी एका बाजूला धरलं आणि 'हा शेवटचा दगड' असं बजावलं. ते ऐकून घ्यावं लागलं.

पण हलकं करण्याचं समाधान ह्याच गाडीत आहे. लेगगार्ड, कॅरिअर, जाड पत्र्याचे मडगार्ड, सीटचा लोखंडी तळ. एकेक काढून बाजूला ठेवत गेलो तर कोपऱ्यात भंगारवाल्याच्या गाडीएवढा ढीग झाला. मडगार्ड ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे ठोकून घेतले. काट्यावर गाडी नेऊन किलो मोजले नाहीत. माझं माप उंबरा. आधी दोघं लागायचे, आता मी एकटा एका दमात आत घेतो. आरएक्सला हा फरक कधी जाणवला नाही, ती आधीही एकट्यानंच यायची.

चाकाच्या रिमांचं दोन्ही गाड्यांना सारखंच लागू आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचं, पण रिमची भिंत जाड ठेवावी लागते, त्यामुळं वाचतं ते त्याहून कमी. तरीही चाकावरचं वजन म्हणजे फिरणारं वजन, ते कमी झालं की हँडल हलकं होतं आणि खड्ड्यात चाक कमी आपटतं. माझं मत विचाराल तर पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर रिमांवर घाला. स्पोक नव्यानं भरल्यावर पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर परत आऊट काढून, म्हणजे चाक सरळ करून घ्या, स्पोक बसतात आणि सैल होतात. आणि ब्रेकप्लेटला भोकं पाडायची फॅशन दिसते, ती आपल्याकडं नको. जुलैच्या पावसात त्या भोकांतून पाणी आत जातं आणि दसरा चौकात ब्रेक दाबला की गाडी स्टेशनरोडला थांबते.

रोडकिंगचं चेन पूर्ण झाकणारं चेनकव्हरसुद्धा काढावंसं वाटतं, दिसतंच तेवढं मोठं. मी काढलं, महिनाभर चालवली आणि परत बसवलं. उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरणाऱ्या गाडीची चेन उघडी ठेवणं म्हणजे चिखलात दळण घालणं. दोन सायलेन्सरपैकी एक काढायचा मोह तर सगळ्यांनाच होतो. पण सिलिंडरला धूर बाहेर पडायला दोन तोंडं आहेत. दोन्ही पाइप एकात जोडलेल्या एक-दोन गाड्या मी चालवून बघितल्या, मला तरी खालची ओढ गेल्यासारखी वाटली, आणि तो आवाजही राहिला नाही. कुणाला त्यातून चांगलं साधलंही असेल.

रोडकिंगची खरी अडचण वेगळी आहे आणि ती आधी सांगायला हवी. हिच्यात किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारायची, दांडा पुढं पाडायचा, त्यानंच गिअर टाकायचे. ज्यांना हलकी करून हँडल खाली घ्यायचं आहे आणि पायदान मागं सरकवायचं आहे, त्यांचं इथं गाडं अडतं. पाय मागं गेला तर गिअर कुठून टाकणार, आणि सळी जोडून टाकलात तर किक कुठून मारणार? पायदान पुढं आणि हँडल खाली अशी अर्धवट बैठक केली तर राधानगरीपर्यंत जाऊन आल्यावर पाठ दोन दिवस बोलत राहते. मी मुकाट्यानं सरळ हँडल ठेवलं. वाकून बसायची हौसच असेल तर आरएक्स घ्या, वाद नाही.

पार्टांचं म्हणाल तर डुप्लिकेट दोन्हीकडं आहेत. फरक असा, की आरएक्सचं काम बारीक मापाचं, तिला विकतचा पार्टच लागतो आणि तो खरा आहे का खोटा हे बसवल्यावर कळतं. रोडकिंगचे बुश, पिना, स्टँडची शाफ्ट असलं सगळं नमुना दाखवून लेथवर करून मिळतं. ऑइल इंजिनं आणि गुऱ्हाळाची चरकं करून मोठं झालेलं उद्यमनगर आहे हे. मी झिजलेला बुश हातात ठेवला, मेस्त्रींनी व्हर्निअर लावला, 'चहा घेऊन या' म्हणाले. येईपर्यंत नवीन तयार. रोडकिंगला पॉइंट आहेत, त्यांचा गॅप लावायला मात्र शिकून घ्यावं लागेल. पावसाळ्यात दोनदा तरी रस्त्याकडेला बसून घासाल.

एवढं वाचून वाटेल की पारडं सारखंच आहे. माझंही सारखंच होतं. ते झुकलं ते इंजिनामुळं नाही.

आरएक्स तयार झाल्यावर पहिल्याच रविवारी मिसळ खायला गेलो. रस्सा पुढं आला, पहिला घास घेतला, आणि काचेतून बघतो तर एक पोरगं गाडीपाशी गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात इंजिनाचा नंबर वाचतंय. बाहेर गेलो. 'जपान मेड आहे का? विकणार काय?' नाही म्हटलं. आत येऊन बसलो तर दुसरा उभा. त्यानंतर हे रोजचंच झालं. सिग्नलला, पंपावर, लग्नाच्या हॉलबाहेर, एकदा तर रात्री दहाला दारात. 'विकणार काय?' माणसं वाईट नव्हती, नादी होती, मीही त्यातलाच. पण ह्या गाड्या चोरीला जातात हे गावाला माहीत आहे, त्यामुळं प्रत्येक कौतुकानंतर माझी झोप अर्धा तास कमी. शेवटी मी जाड साखळी आणि मोठं कुलूप घेतलं. ते पिशवीत घालून टाकीवर ठेवून हिंडायचो. एक दिवस सहज ती पिशवी किराणा दुकानाच्या काट्यावर टाकली. गाडीवरनं खटपट करून जेवढं उतरवलं होतं, त्याच्यापेक्षा जास्तच भरली.

त्या दिवशी आरएक्सबद्दल मन उतरलं. गाडीची काहीच चूक नाही. चालवायला ती आजही जास्त चपळ आहे, गंगावेशीतल्या गर्दीत तर विचारूच नका. पण जिला लावून निवांत जेवता येत नाही ती गाडी माझ्या कामाची नव्हती. जास्त पैसे मोजणाऱ्याला दिली, त्यानं पहिला प्रश्न कुलपासकट देणार का असा विचारला.

रोडकिंगपाशीही माणसं थांबतात. बहुतेक पन्नाशीच्या पुढची. टाकीवर हात ठेवतात, 'आमच्या वडिलांकडं होती' म्हणतात, कुठल्या गावाला किती वेळात गेले ते सांगतात आणि जातात. तोवर रस्सा गार होत नाही.

तुमच्या बोळात गेट असेल, आत गाडी राहत असेल आणि रोज ऑफिसला न्यायची नसेल, तर आरएक्स जरूर बघा. घरी शिकायला तीच सोपी आहे. फक्त कुठलीही घेतलीत तरी चासी कापू नका. आरसीत जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळं करून पासिंगला उभं राहिलात तर हेलपाटे वाढतात.

आणि रोडकिंग ठरलीच तर कळवा. सायलेन्सर घेताना मला उजवा एकच हवा होता, पण जोडीच घ्यावी लागली. डावा माळ्यावर पोत्यात पडून आहे, क्रोम अजून चांगला आहे. न्यायला दोघं या, जड आहे.