‘वाक्यातील चूक ओळखा’ शिकवणारा नारायण पेठेतील वर्ग: दोन महिन्यांचा अनुभव

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीस्तरीय परीक्षेची तयारी करताना (आपल्याकडे ‘एसएससी’ म्हटले की घरच्यांना आधी दहावीच आठवते, तो भाग वेगळा) माझे घोडे इंग्रजीपाशी अडले होते. पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न आणि ५० गुण असतात, चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे अर्धा गुण वजा होतो, आणि वाक्यातील चूक ओळखण्याच्या प्रश्नांत माझे गुण हटकून जात. या प्रश्नांत वाक्याचे तुकडे पाडून दिलेले असतात, चूक कोणत्या तुकड्यात आहे ते सांगायचे असते आणि शेवटचा पर्याय बहुधा ‘नो एरर’ हा असतो. शाळा मराठी माध्यमाची असल्यामुळे नियम मला पाठ होते, पण वाक्य वाचताना कानाला काही खटकत नसे. म्हणून नारायण पेठेत शनिवारी आणि रविवारी भरणाऱ्या, केवळ याच प्रश्नांना वाहिलेल्या वर्गात साडेतीन हजार रुपये भरून मी नाव नोंदवले. वर्गाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि तशाच धर्तीचे वर्ग त्या भागात बरेच आहेत.

सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहिले: ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.’ यात चूक आहे असे वाटणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर साठ जणांतून जेमतेम दहा हात वर गेले आणि त्यांत माझा नव्हता. मग सरांनी त्याखाली लिहिले, ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’, आणि पुढचा तासभर त्या दोन ओळींवरच घालवला. मराठीत ‘राहतो’ या साध्या वर्तमानकाळाने भागते, कारण मागचा सगळा काळ ‘पासून’ हे शब्दयोगी अव्ययच ओढून आणते. इंग्रजीत तो भार क्रियापदाला उचलावा लागतो, म्हणून तेथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे. शिवाय आपले ‘पासून’ सोमवारलाही लागते आणि पाच वर्षांनाही लागते. इंग्रजीला मात्र सुरुवात सांगायला ‘सिन्स’ आणि कालावधी सांगायला ‘फॉर’ असे दोन वेगळे शब्द लागतात. एका वाक्यात दोन चुका होत्या आणि दोन्हींचे मूळ एकाच मराठी शब्दात होते. हा नियम शाळेत मी चार वेळा तरी पाठ केला असेल, पण माझ्या हातून तो का मोडतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

पहिले दोन आठवडे असेच चालले आणि तेवढ्यासाठी मी या वर्गाला मनापासून चांगले म्हणेन. ‘पाऊस थांबत नाही तोपर्यंत येथेच बसू’ असे आपण म्हणतो, त्यामुळे ‘अनटिल द रेन डझ नॉट स्टॉप’ लिहिताना पेन अडखळत नाही. त्याऐवजी ‘अनटिल’चा अर्थ ‘थांबेपर्यंत’ असा मनात ठेवला की तो ‘नॉट’ आपोआप गळून पडतो. ‘च्याविषयी चर्चा’ या सवयीने ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येते, आणि लग्न कोणाशी तरी होत असल्याने ‘मॅरीड’पुढे ‘टू’च्या जागी ‘विथ’ बसते. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत निर्धोक आहे, म्हणून ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ डोळ्यांखालून सहज निसटते.

तिसऱ्या आठवड्यात मात्र एकशे दहा नियमांची झेरॉक्स हातात पडली आणि वर्गाचा सूरच बदलला. आता नियम वाचायचा, त्याखालची पाच वाक्ये सोडवायची आणि पुढच्या नियमाकडे जायचे. कोणी मराठीतून शंका विचारली की सर म्हणत, ‘मराठीत विचार करणं आधी बंद करा.’ ज्या पद्धतीने त्यांनी स्वतः आम्हाला जिंकले होते तीच त्यांनी सोडून द्यावी, याचे मला फार वाईट वाटले, कारण मराठी आपल्याला जशी चुकवते तशी सावरतेही. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ लिहिणारा मुलगासुद्धा मराठीत ‘मित्रापैकी एक’ असे कधी म्हणणार नाही. ‘मित्रांपैकी’ हे अनेकवचन त्याच्या तोंडात बसलेलेच असते. ‘द बॉक्स ऑफ मँगोज हॅव कम’ या वाक्याने गोंधळणारी मुलगी घरी ‘आंब्यांची पेटी आली’ असेच म्हणते, ‘आंब्यांची पेटी आले’ असे नव्हे. क्रियापद पेटीकडे पाहते की आंब्यांकडे, हे तिला नियमावाचून ठाऊक आहे.

याचा पडताळा एका चाचणीतच आला. सतराव्या प्रश्नात वाक्य होते, ‘ही इज वन ऑफ द बॉइज हू हॅज पास्ड’, आणि उत्तरसूचीत उत्तर होते ‘नो एरर’. नियम क्रमांक बारा सांगत होता की ‘वन ऑफ’ आले की क्रियापद एकवचनी. तो नियम ‘वन ऑफ द बॉइज इज अ‍ॅब्सेंट’ यासारख्या वाक्यात बरोबर आहे, पण येथे मध्ये ‘हू’ आला आहे. मी ते वाक्य वहीच्या कडेला मराठीत लिहून पाहिले: ‘जी मुले उत्तीर्ण झाली, त्यांपैकी तो एक.’ झाली कोण, तर मुले; म्हणजे ‘हॅव’. तास संपल्यावर वही दाखवली तेव्हा सरांनी दोनदा वाचले, ‘बरोबर आहे गं तुझं’ असे मोकळेपणाने म्हटले आणि पुढच्या तासाला वर्गासमोर दुरुस्तीही सांगितली. शिक्षक म्हणून त्यांच्याविषयीचा आदर त्याने वाढला. नियमांच्या यादीवरचा विश्वास मात्र कमी झाला.

यादीतले काही नियम तर आता भाषेत उरलेलेही नाहीत. दोघांसाठी ‘ईच अदर’ आणि अधिक जणांसाठी ‘वन अनदर’ हा भेद शब्दकोश पाळत नाहीत, आणि ‘नन’नंतर अनेकवचनी क्रियापद आले म्हणून ते चूक ठरत नाही. परीक्षेत असे प्रश्न येत असतील तर ते शिकवणे भागच आहे, पण हा परीक्षेपुरता संकेत आहे एवढे एक वाक्य सरांनी बोलायला हवे होते. ते न बोलल्यामुळे आमच्यातले काही जण एकमेकांच्या मोबाइलवरच्या संदेशांतही चुका काढू लागले.

चाचण्या दर रविवारी, ३० प्रश्नांच्या, वेळेवर होतात आणि त्यांचा उपयोग खरोखर होतो. विशेषतः नियम डोक्यात भरल्यावर प्रत्येक वाक्यात चूक दिसू लागते, ती खोड ‘नो एरर’ उत्तराच्या प्रश्नांनीच मोडते. बाक अरुंद आहेत आणि मागच्या दोन रांगांना फळ्याचा खालचा भाग दिसत नाही, त्यामुळे पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. ज्यांचे इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे त्यांनी नियमांची झेरॉक्स कोणाकडून तरी घेतली तरी चालेल. माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्यांनी पहिले दोन आठवडे मुळीच चुकवू नयेत, आणि पुढे प्रत्येक चुकलेले वाक्य वहीच्या कडेला मराठीत लिहून पाहावे, सर काहीही म्हणोत. नव्या तुकडीत बसलेल्या मैत्रिणीकडची त्याच चाचणीची उत्तरसूची परवा पाहिली. सतराव्या प्रश्नापुढे अजूनही ‘नो एरर’च छापलेले आहे.