मिरकरवाड्याचे बोटींचे मिस्त्री आणि आमची रेलबस

जुनं डिझेल इंजिन मोडीत न काढता वाचवायचं असेल, तर रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे वर्कशॉप गाठा. गाळ्यावर पाटी नाही. ‘बोटींची इंजिनं करणारे चाचा’ एवढं विचारलं की जेटीवरचं कोणीही बोट दाखवतं. कामाला मी दहापैकी नऊ देईन. वेळेचं काय ते पुढे सांगतो, कारण तिथे मात्र सांभाळून जायला हवं.

आमचं काम जरा निराळं होतं. मालगुंडला घरामागच्या बागेत मीटर गेजची एक जुनी चार चाकी रेलबस उभी आहे. दक्षिणेकडचा एक मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा ती भंगारात गेली आणि दोन हात फिरून माझ्याकडे आली. ट्रेलरवरून आंबा घाट उतरून आली तेव्हा निम्मं गाव बघायला जमलं होतं. ‘सर, ही कोकण रेल्वेवर धावायची का?’ हा प्रश्न मला अजून रोज कोणी ना कोणी विचारतं. नाही. आपली कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली ती ब्रॉडगेजच, रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर. माझ्या गाडीला लागतात बरोबर १००० मिलिमीटर. म्हणून घरामागे तिच्या मापाचे जुने रूळ टाकले आहेत, तेवढ्यावरच ती पुढेमागे होते.

ज्यांनी रेलबस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: बसचा सांगाडा, बसच्या जातीचं इंजिन आणि खाली रेल्वेची चाकं. रेल्वेच्या ज्या फाट्यावर, म्हणजे छोट्या शाखेवर, प्रवासी मूठभर, तिथे इंजिन आणि डब्यांची अख्खी गाडी चालवणं परवडत नाही, म्हणून हा मार्ग निघाला. आपल्याकडे मथुरा-वृंदावन आणि शिमोगा-तालगुप्पा या मीटर गेज फाट्यांवर रेलबस धावत असत. ब्रिटनमध्ये १९५८ च्या सुमारास पाच वेगवेगळ्या कारखान्यांकडून मिळून २२ रेलबस घेतल्या गेल्या. पुढे ते फाटेच बंद पडले आणि दहा वर्षांच्या आत त्या सेवेतून गेल्या. त्यांतल्या पाच जर्मन बनावटीच्या होत्या, आणि पाचपैकी चार आजही तिकडच्या हौशी मंडळींनी जपून ठेवल्या आहेत. त्यांच्या हकिकतीतला एक तपशील माझ्या मनात घर करून बसला. मूळ ब्युसिंग या जर्मन कंपनीच्या इंजिनांचे सुटे भाग मिळेनात, म्हणून त्यांतल्या काहींना एईसी या ब्रिटिश कंपनीची इंजिनं बसवावी लागली होती. गंज खरवडता येतो, पत्रा बदलता येतो, सागवान मिळतं. इंजिनाचा एखादा तुकडा मिळाला नाही की मात्र सगळं अडतं.

इथे आमचं नशीब बलवत्तर. माझ्या गाडीत अशोक लेलँडचं ४०० मालिकेचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे. हा ४०० म्हणजे घन इंचातलं आकारमान, आपल्या हिशेबाने साडेसहा लिटर. याच घराण्याची इंजिनं एके काळी कॉमेट ट्रकांत होती आणि आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरांत आजही आहेत. म्हणजे कोकणात ज्याला हे इंजिन डोळे मिटून उघडता येतं असा माणूस रेल्वेत शोधायचा नाही, बंदरावर शोधायचा.

हे मला कळायला थोडा वेळ लागला, कारण आधी हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजने सांगितलं होतं की इंजिन जाम आहे, विकून टाका आणि सेकंडहँड आणून बसवा. चाचांनीही पहिल्यांदा तोच हिशेब मांडला, ते लपवत नाही. ‘निम्म्या पैशात दुसरं बसेल, सर.’ मी म्हटलं, चाचा, हे या गाडीचं इंजिन आहे, पाटीवरचा नंबर ब्लॉकवर आहे, मला हेच चालू करायचंय. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, टॅपेटचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं. तेल काळं होतं पण पाणी शिरलेलं नव्हतं. ‘हेड कोणी उघडलेलं दिसत नाय. फिरेल. फिरवायची घाई करू नका.’ त्यानंतर इंजिन बदलण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. गिऱ्हाईक काय मागतंय ते एकदा ऐकून घेऊन मग स्वतःचं डोकं त्याच दिशेने चालवणं, हा या वर्कशॉपचा मला सगळ्यात आवडलेला गुण.

जाम झालेलं इंजिन सोडवताना मी शेजारी उभा होतो. आधी सिलिंडरांत डिझेल फवारणारे सहाही नोझल काढले. प्रत्येक भोकातून डिझेल आणि पातळ तेलाचं मिश्रण सोडलं, वर चिंधीचे बोळे बसवले आणि तसंच ठेवून दिलं. मध्ये मध्ये मुलगा येऊन पुन्हा थोडं ओतायचा. मग एके सकाळी फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाच्या, दात्यांत पहार अडकवली आणि पहिला जोर उलट्या दिशेने लावला. पिस्टन जिथे अडकून बसलेला असतो त्याच्या पुढे गंजाचं कडं असतं, सरळ रेटलं तर पिस्टनची रिंग तुटून लाइनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, ओरखडा पडतो. केसाएवढी हालचाल मागे, मग केसाएवढी पुढे, पुन्हा मागे. दुपारपर्यंत फ्लायव्हील हाताने फिरू लागलं. जोर लावणारा पोरगा तरणाबांड होता, पण चाचा सारखे त्याच्या मनगटावर हात ठेवून होते.

उघडल्यावर सहापैकी चार लाइनर होनिंग करून, म्हणजे आतून बारीक घासून, वापरण्याजोगे निघाले, दोन बदलले. क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची, मापं मायक्रोमीटरने घेतली आणि ग्राइंडिंग करायचं टाळलं, कारण घासल्यावर पुन्हा मागे येता येत नाही. नुसतं पॉलिश करून नव्या बेअरिंगवर बसवला. मायको कंपनीचा डिझेल पंप आणि नोझल यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलचं माप जुळवणं, गावातच दुसरीकडे करून आणलं, त्याची वेगळी पावती मिळाली.

ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट आता. रेलबसला दोन्ही टोकांना चालकाची जागा असते आणि ती दोन्ही दिशांना सारख्याच वेगाने जायला हवी. एसटीला एकच रिव्हर्स गिअर पुरतो, हिला पुरत नाही. म्हणून गिअरबॉक्सच्या पुढे, चाकाच्या आसाला जोडताना, एक उलटवायची पेटी असते. दांडा एका बाजूला टाकला की सगळे गिअर पुढे, दुसऱ्या बाजूला टाकला की सगळे मागे. हायवेवरच्या गॅरेजात ही पेटी बघून चार माणसं डोकं खाजवत उभी राहिली होती. चाचांनी पाहिली आणि म्हणाले, ‘हा तर आपला बोटीचाच गिअर.’ बोटीला ब्रेक नसतो. जेटीला लागताना पंखा उलटा फिरवूनच तिला थांबवतात, त्यामुळे पुढे-मागे करणारी पेटी हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग. आतली रचना वेगळी आहे हे त्यांनाही लगेच कळलं. बोटीच्या पेटीत क्लचच्या चकत्या असतात, आमच्या पेटीत दातेरी कडं सरकून दुसऱ्या दातांत बसतं. ते कडं त्यांनी उजेडात धरलं आणि मला दात्यांच्या कडा दाखवल्या. एका बाजूच्या धारदार, दुसऱ्या बाजूच्या गोल झालेल्या. ‘गाडी पुरती थांबायच्या आधी कोणीतरी पलटी मारलीय. एकदा नाय, कैक वेळा.’

मला त्या क्षणी तो फाटा डोळ्यांसमोर दिसला. शेवटचं स्टेशन, परतीची वेळ झालेली, चालकाला घाई, गाडी अजून हळूहळू सरकतेय आणि त्याने दांडा ओढला. असं वर्षानुवर्षं. लोखंडावर कोणाच्या तरी सवयीची खूण राहिली होती आणि ती वाचणारा माणूस मला मासळी बाजाराच्या शेजारी भेटला. शाळेत मी पोरांना यंत्रांविषयी आयुष्यभर शिकवलं, पण यंत्राचा इतिहास त्याच्या झिजण्यात असतो हे इतकं स्पष्ट मला कोणी दाखवलं नव्हतं.

वेल्डिंगने दाते भरायला त्यांनी साफ नकार दिला. नवं कडं चांगल्या पोलादातून कापून घेतलं आणि कडक करायला कोल्हापूरला पाठवलं. जुनं कडं मी मागायच्या आधीच माझ्या हातात ठेवलं. इथली ही रीतच आहे: काढलेला प्रत्येक भाग पत्र्याच्या डब्यात घालून, वर खडूने गिऱ्हाइकाचं नाव लिहून परत मिळतो. बोटवाल्यांना तो खात्रीसाठी हवा असतो. जतन करणाऱ्याला तर तो सोन्यासारखा, कारण मूळ वस्तू कशी होती याचा तोच पुरावा. माझे दोन लाइनर, जुन्या रिंगा, झिजलेलं कडं, सगळं आज कपाटात चिठ्ठ्या लावून ठेवलेलं आहे.

बॉडीचं काम या वर्कशॉपचं नाही, पण त्यातही एक सल्ला लाखमोलाचा मिळाला. गाडीचा सांगाडा पोलादी आणि बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. खाऱ्या हवेत हे दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि रिव्हेट सैल पडतात. चाचांनी सांगितलं की नुसता रंग मारून भागणार नाही, दोन्हींच्या मध्ये काहीतरी घाला. आम्ही सांगाड्याला प्रायमर देऊन त्यावर जाड टेप लावली आणि मगच पत्रा चढवला. गेल्या पावसाळ्यात मालगुंडच्या वाऱ्याने खिडक्यांतून पाणी आत मारलं, पण पत्र्याचे सांधे कोरडे राहिले. खिडक्या सुताराकडे पुन्हा द्यायच्या आहेत.

एका ठिकाणी मात्र आमचं जमलं नाही. रेडिएटर सडलेला होता आणि चाचांचं म्हणणं, बोटीसारखी पाण्याची टाकी आणि कूलर लावून टाकू, स्वस्त आणि बिनघोर. चाललं असतं, यात शंका नाही. पण पुढच्या जाळीमागे रेडिएटर आणि पंखा हाच या गाडीचा चेहरा आहे. मी नवा गाभा भरून तोच रेडिएटर बसवून घेतला. त्याला वेळ आणि पैसे जास्त गेले आणि ते गेले याचं मला समाधान आहे.

आता तक्रार. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बंदरातल्या झाडून सगळ्या बोटींची इंजिनं याच गाळ्यात येतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ती समुद्रात जायलाच हवीत. या काळात आमचं इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिलं. फोन उचलला जात नव्हता. प्रत्यक्ष गेलं की चहा मिळायचा, तारीख मिळायची नाही. ज्याचं घर बोटीवर चालतं त्याचं काम आधी, हे मला पटतं. पण तसं सुरुवातीलाच सांगितलं असतं तर मी रूळ टाकणाऱ्या माणसांना आगाऊ बोलावून बसवलं नसतं. हिशेबही वहीच्या पानावर मिळतो. सुट्या भागांच्या दुकानाच्या पावत्या जोडलेल्या असतात, मजुरी मात्र तोंडी ठरते, म्हणून ती आधी ठरवून लिहून घ्या. आमचं इंजिन आणि उलटवायची पेटी मिळून सव्वा लाखाच्या आत झालं. त्यात रेडिएटर धरलेला नाही.

इंजिन चालू झालं तेव्हा आधी पांढरा धूर, मग निळसर, आणि गरम झाल्यावर जवळजवळ काहीच नाही. चाचा हात पुसत सायलेन्सरपाशी कान लावून उभे होते. तिसऱ्या सिलिंडरचा नोझल त्यांनी तिथेच पुन्हा काढून बदलला. मला ऐकून काही फरक कळला नव्हता, त्यांना कळला होता.

गाडी आता स्वतःच्या ताकदीने रुळांवरून चालते. ब्रेकचं काम बाकी असल्यामुळे चालण्याच्या वेगाच्या पुढे नेत नाही आणि लहान मुलांना आत बसवून चालवत नाही. मला अनेकांनी सुचवलं की हिच्यात टेबलं टाकून हॉटेल काढा, आरे-वारेला जाणारे पर्यटक थांबतील. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण इंजिन काढून आत खुर्च्या मांडल्या तर ती रेलबस उरत नाही. तिच्यासारख्या मीटर गेज गाड्या कापून विकल्या गेल्या, आणि ही चालती आहे तोवर तिला चालतीच ठेवायची आहे.

तुमच्याकडे जुनं पंपाचं इंजिन, भातगिरणीचं, बोटीचं, ट्रकचं काहीही असलं आणि ते वाचवायचं असलं तर इथे न्या. दिवाळीनंतर जा, मार्चअखेर काम उरकून घ्या. इंजिनाचा नंबर आणि पाटीचा फोटो आधी काढून ठेवा. पाटीवर पॉलिश पेपर मारू नका म्हणून पहिल्याच दिवशी सांगा, कारण पोरं साफसफाईत उत्साही आहेत. सकाळी मासळीचा लिलाव आटोपल्यावर गाडी लावायला जागा मिळते. उलटवायच्या पेटीत कोणतं तेल घालायचं ते चाचांना विचारूनच घाला, दुकानदार देईल ते घालू नका.