गुडघेदुखी: इंजेक्शन की व्यायाम?

मावशीचे गुडघे झिजलेत; इंजेक्शन की व्यायाम, यावर घरात दोन तट आहेत.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर पडतो, पण बहुधा काही आठवडेच टिकतो. वारंवार घेतल्यास कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गादी, अधिक झिजू शकते. मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते, हे डॉक्टरांशी आधी बोलाच. ‘वंगण’ म्हणून गुडघ्यात टोचतात त्या जेलचा खर्च मोठा, फायदा जेमतेम.

व्यायामाला पैसे नाही, चिकाटी लागते. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळून पाच आकडे मोजायचे, सावकाश खाली. फरक पडायला दीड-दोन महिने जातात; करत राहाल तोवर टिकतो.

दुखण्याने पाऊलच टाकवत नसेल, तर एखादं इंजेक्शन घेऊन व्यायाम सुरू करावा. चालताफिरता माणूस असेल तर सरळ व्यायामच.