नमकीनच्या तेलाचं बायोडिझेल: जुन्या जनरेटरला चालतं, थंडीत जपून

इंदुरात सेव-कचोरीच्या कढयांतून निघणाऱ्या तेलात पामतेलाचा वाटा मोठा, आणि त्याच्या बायोडिझेलचे गुणदोष तिथूनच सुरू होतात. हा अभिप्राय ड्रममध्ये मिळणाऱ्या शंभर टक्के मालाचा, यांत्रिक पंपाच्या जुन्या जनरेटरवर वापरलेल्या.

मे महिन्यात तक्रारीला जागा नाही. काळा धूर स्पष्ट कमी. मात्र लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा साधारण ८ टक्क्यांनी कमी, तेव्हा भाव निदान तेवढा तरी उतरलेला नसेल तर सौदा आतबट्ट्याचाच.

डिसेंबरात इथे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि पामचं बायोडिझेल १५ अंशांच्या आगेमागेच गढुळायला लागतं. मेणासारखे कण फिल्टरमध्ये बसतात. इंजिन सुरू होतं, थोडं चालतं आणि गुदमरून बंद पडतं. पंपाला हात लावण्याआधी फिल्टरची वाटी उघडून बघा. थंडीत साध्या डिझेलमध्ये २० टक्के, त्याहून जास्त नको.

पुरवठादाराचा कागद काहीही म्हणो, प्रत्येक ड्रम तपासावा. २७ मिली मेथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल घालून हलवा. सगळं विरघळलं तर ठीक. तळाशी तेलाचा थेंब बसला तर तेलाचं पुरतं बायोडिझेल झालेलं नाही, आणि ते नोझलवर काजळी धरणार. (मेथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, हे काम उघड्यावरच.) दुसरी चाचणी पाण्याची: बाटलीत निम्मं पाणी, निम्मं बायोडिझेल, जोरात हलवून अर्धा तास ठेवा. मधे दुधाळ थर राहिला तर साबण उरलाय. बायोडिझेलच्या आयएस १५६०७ या भारतीय मानकात पाण्याची कमाल मर्यादा किलोला ५०० मिलिग्रॅम आहे; आमच्याकडे आलेला एक ड्रम तर डोळ्यांनाच धुरकट दिसत होता. परत पाठवला.

पहिल्या टाक्यांत फिल्टर लवकर तुंबतो. त्यात दोष इंधनाचा नाही, ते टाकीतला जुना गाळ सोडवतं. दोन फिल्टर जवळ ठेवा. साध्या रबराच्या नळ्या फुगून पाझरतात, व्हायटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या खास रबराच्या) बसवा. पितळी-तांब्याचे जोड काढा, त्यांच्या संगतीत माल लवकर खराब होतो. साठाही दोन-तीन महिन्यांपुरताच, ड्रम काठोकाठ भरून, सावलीत.

बीएस-६ गाडीत मात्र घालू नका. तिच्या धुराड्यातली काजळी अडवणारी गाळणी साफ करताना उशिरा फवारलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिझेलचा बराचसा भाग तिथून उडून जातो, बायोडिझेल उकळायला जड, ते तिथेच राहतं आणि ऑइल पातळ होतं.