निकॉन डी५०० आणि उजनीवरची नदी सुरय: तीन हिवाळ्यांनंतर

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर बहुतेक लोक रोहित (फ्लेमिंगो) बघायला येतात. माझा जीव अडकला तो नदी सुरयमध्ये. करड्या पाठीचा, पिवळ्या चोचीचा हा पक्षी पाण्यावर एका जागी फडफडतो आणि काही कळायच्या आत खाली झेपावतो. त्याच्यासाठी मी निकॉनचा डी५०० कॅमेरा घेतला, तोही जुना. पुण्यातले एक छायाचित्रकार मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे) वळताना विकत होते, शटर ४१ हजार वेळा उघडलेलं होतं. सोबत निकॉनचीच २००-५०० एमएम, एफ ५.६ लेन्स. बॉडी ८६० ग्रॅम आणि लेन्स २३०० ग्रॅम, म्हणजे होडीत दोन तासांनी खांदे बोलायला लागतात.

पहिल्या हिवाळ्यात ४०० फोटोंतले जेमतेम ३० धारदार आले. मला वाटलं लेन्स खराब निघाली. लेन्स उत्तम होती, मी एएफ-एस या ऑटोफोकसच्या पद्धतीवर होते. त्यात बटण अर्धं दाबलं की फोकस तिथेच गोठतो. बसलेल्या बगळ्याला चालतं, झेपावणाऱ्या सुरयला नाही. एएफ-सी या दुसऱ्या पद्धतीत कॅमेरा सतत अंतर मोजतो आणि आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत पक्षी कुठे पोचेल, याचा अंदाजही बांधतो. हा अंदाज किती मोलाचा ते आकड्यांत बघा. ५०० एमएमला एफ ५.६ ठेवलं, तर २० मीटरवर धारदार दिसणारा पट्टा सुमारे ३५ सेंटिमीटरचा. पक्षी सेकंदाला १० मीटरने अंगावर येत असेल, तर हा कॅमेरा सेकंदाला १० फ्रेम घेत असूनही दोन फ्रेमच्या मध्ये तो मीटरभर सरकलेला असतो.

एवढं समजल्यावरही मी एका ठिकाणी अडले. मेनूतल्या ए१ या कस्टम सेटिंगमध्ये एएफ-सी साठी मुळात 'रिलीज' असतं, म्हणजे फोकस लागो न लागो, बटण दाबलं की फोटो निघणार. ते मी 'फोकस + रिलीज' केलं. वेग थोडा कमी होतो, पण घरी येऊन पुसून टाकायच्या फ्रेम खूप घटल्या.

खरी गंमत एएफ एरियाची, म्हणजे फ्रेमच्या कुठल्या भागात फोकस लावायचा त्याची. या कॅमेऱ्यात १५३ फोकस बिंदू आहेत, त्यातले ५५ आपण निवडू शकतो, आणि ते फ्रेमच्या जवळजवळ पूर्ण रुंदीवर पसरलेले आहेत. 'ग्रुप एरिया' हा पर्याय पाच बिंदू एकदम वापरतो आणि त्यांच्यात जे सर्वांत जवळ असेल ते धरतो. मोकळ्या पाण्यावर उडणाऱ्या सुरयला याच्यासारखं दुसरं नाही. पण पाणकणसावर बसलेल्या कवड्या खंड्याला हेच सेटिंग घात करतं, कारण सगळ्यात जवळचं पान धरलं जातं. तिथे एकच बिंदू ठेवून नेमका डोळ्यावर न्यायचा. मागे उसाचा हिरवा काठ असला की मी 'डायनॅमिक २५' हा पर्याय घेते. त्यात मुख्य बिंदू आपणच पक्ष्यावर ठेवायचा; तो क्षणभर निसटला तर शेजारचे सांभाळतात. थ्रीडी ट्रॅकिंग रंगाच्या मदतीने पाठलाग करतं. लाल बुडाचा बुलबुल असेल तर ठीक, पण फिकट आभाळावर करडी-पांढरी सुरय असेल तर त्याला फारसं हाती लागत नाही.

ए३ मध्ये 'ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स' आहे, १ ते ५. मुळात ३ असतो, मी ४ ठेवते. सुरय आणि माझ्यामध्ये कुरव पक्षी आडवा गेला, तरी फोकस लगेच त्याच्यामागे पळत नाही. आकडा मोठा तेवढी वाट बघण्याची तयारी जास्त, असं लक्षात ठेवा. फोकस पूर्णपणे मागच्या एएफ-ऑन बटणावर दिला आहे, शटर फक्त फोटो काढतं. अंगठ्याला सवय व्हायला चार खेपा लागल्या. आणि लेन्सवरची फोकसची कळ होडीत कायम 'अनंत ते ६ मीटर'वर असते. चुकून फोकस सुटला, तर लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यात वेळ घालवत नाही.

आमचे होडीवाले दादा आता माझ्याआधी सांगतात, "मॅडम, बटण धरून ठेवा, बुडी मारतीय बघा!" त्यांची नजर कुठल्याही सेन्सरच्या आधी पोचते.

एक गोष्ट पुष्कळ जण करत नाहीत: एएफ फाइन ट्यून. डीएसएलआरमध्ये, म्हणजे अशा आरशाच्या कॅमेऱ्यात, फोकसचा सेन्सर आरशाखाली वेगळा बसवलेला असतो, आणि चित्र उमटतं ते दुसऱ्याच सेन्सरवर. दोन्ही वाटांत किंचित फरक असला की डोळ्याऐवजी पंख धारदार येतो. गच्चीत तिपाई लावून, ज्वारीच्या पोत्यावरच्या छापील अक्षरांवर मी कॅमेऱ्याची आपोआप जुळणी चालवली. दुरुस्तीचा आकडा उणे ७ निघाला. त्या दिवसापासून सुरयच्या डोळ्यातली चमक दिसायला लागली, आणि तो आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

उणिवाही आहेत. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून टिपताना, फोकस संथ आहे, व्हिडिओसाठी मी हा सुचवणार नाही. पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय नाही. २०१६ च्या कॅमेऱ्यात ती असणारही नव्हती. एक्सक्यूडी मेमरी कार्ड सहज मिळत नाही, पण नंतरच्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरने) सीएफएक्सप्रेस कार्डही चालतं, आणि दुसऱ्या खाचेत साधं एसडी बसतं.

जुना घेणार असाल, तर शटरच्या आकड्याइतकंच लक्ष मागच्या छोट्या जॉयस्टिककडे द्या. ती आठही दिशांना ढकलून बिंदू दरवेळी सरकतो का बघा, एएफ-ऑन बटण पन्नासदा दाबा, आणि व्यवहार पक्का करण्याआधी रस्त्यावर समोरून येणाऱ्या एखाद्या स्कूटरच्या नंबरप्लेटवर एएफ-सी लावून वीस फ्रेम काढून तिथेच मोठ्या करून पाहा.