मासा दाखवला एक, वाढला दुसरा

मी मूळची देवगडची, सासर ठाण्याचं. माझ्या पिशवीत शिळा मासा घालायची कुठल्या कोळणीची आजवर छाती झालेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून ‘बाईंना मासळीतलं काही कळत नसणार’ असं वाटायचं. कळत होतं, आणि त्यातच घात झाला.

गेल्या जूनमध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. मुलगी फ्रान्समध्ये लियाँला शिकते. तिची परीक्षा संपायची होती, म्हणून आम्ही दोघं आगगाडीने पुढे मार्सेयला गेलो आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. बेत मी ठाण्यातच ठरवला होता: लग्नाच्या वाढदिवसाला मार्सेयच्या जुन्या बंदराच्या काठावर बसून बुयाबेस खायची. आपल्याकडे विकून उरलेल्या बारीकसारीक मासळीचं कालवण व्हायचं, तशी ही मूळची तिथल्या मच्छीमारांची गोष्ट. गिऱ्हाईक न लागलेले काटेरी मासे, केशर, बडीशेपेचा कांदा, वर लसणीची तिखटसर चटणी लावलेला पाव. आता मात्र तिचा थाट झालाय.

हॉटेल कसं निवडलं, तर काठावरून चालत गेलो आणि जिथून डोंगरावरच्या नोत्र-दाम द ला गार्द या चर्चवरची सोन्याच्या वर्खाची मूर्ती समोर दिसत होती तिथे थांबलो. संध्याकाळचे सहा वाजलेले. दारात एक हसरा माणूस उभा होता. माझी साडी बघून ‘नमस्ते, इंडिया!’ म्हणाला. बाहेर फोटोंचा फलक, सहा भाषांत, त्यावर बुयाबेस २९ युरो. आम्ही खूश.

बसल्यावर न मागता ऑलिव्हची बशी आली, पाव आला, पाण्याची काचेची बाटली उघडून झाली. बुयाबेस मागितली तर वेटरने तोंड वाकडं केलं. म्हणाला, ती आज तेवढी चांगली नाही, तुमचा खास दिवस आहे ना, थांबा. (खास दिवस आहे हे दारातल्या माणसाला आम्हीच सांगितलं होतं. हौस दांडगी!) मग त्याने बर्फावर ठेवलेला एक मासा परातीत घालून आणला. भूमध्य समुद्रातला ‘लू’. रुपेरी अंग, जाड मान, मला तर आपल्या जिताड्याची आठवण झाली. मी कल्ला उचलून बघितला. लालबुंद. डोळा टपोरा, अंग ताठ. वेटर म्हणाला, ‘मादाम, तुम्हाला मासे कळतात.’ झालं. मी फुलून गेले आणि मान डोलावली.

भाव विचारला नाही.

मेन्यूत ‘११,५०’ असा आकडा मी बघितला होता. त्याच्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘ले साँ ग्राम’ लिहिलेलं, म्हणजे शंभर ग्रॅमला, ते नंतर कळलं. वजनकाटा आत होता. मासाही आत गेला.

अर्ध्या तासाने दोन ताटल्या आल्या. प्रत्येकीत दोन पातळ तुकडे, कातडीसकट भाजलेले, बाजूला तीन बटाटे. मी ह्यांच्याकडे बघितलं. परातीतला मासा माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत होता. त्याची तुकडी किती जाड पडते हे मला कुणी शिकवायला नको. हे तुकडे फार तर अर्ध्या किलोच्या माशाचे होते. मी वेटरला विचारलं, ‘डोकं कुठाय?’ त्याला आधी कळेचना. मी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून दाखवलं. तो हसला, म्हणाला, टाकून दिलं. देवगडच्या बाईला माशाचं डोकं टाकून दिलं म्हणून सांगतो! तिथेच उठायला हवं होतं. पण समोर बंदर, ह्यांच्या हातात वाइनचा पेला, आजूबाजूला लोक. ‘जाऊ दे, आजचा दिवस,’ हे म्हणाले. जाऊ दिलं.

बिल असं होतं: मासा २१८.५०, ऑलिव्ह-पाव १४, पाण्याच्या दोन बाटल्या १६, वाइनचे दोन पेले २२, कॉफी ७. एकूण २७७.५० युरो. माशापुढे नुसतं ‘आजचा मासा, १९’ लिहिलेलं, म्हणजे एकोणीस वेळा शंभर ग्रॅम. माशाचं नाव नाही, वजनाची चिठ्ठी नाही. वर कार्डाच्या यंत्रावर टिपचे आकडे आले. वेटर शेजारीच उभा, बोट दहा टक्क्यांच्या चौकोनावर. ह्यांनी तो दाबला. ३०५ युरो २५ सेंट. तीस हजारांच्या घरात.

दुसऱ्या दिवशी मुलीने बिल हातात घेतलं आणि माझीच शाळा घेतली. फ्रान्समध्ये जेवणाबरोबरचा साधा पाव आणि नळाचं पाणी यांचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. तसा १९६७ चा आदेश आहे. २०२२ पासून तर पाणी फुकट मिळतं हे मेन्यूवर किंवा पाटीवर लिहावं लागतं. मागायचं ते ‘उन काराफ दो’, म्हणजे पाण्याचा जग; नुसतं ‘वॉटर’ म्हटलं की बाटलीच येते. मेन्यूतल्या किमतीत सेवेचे पैसे धरलेलेच असतात, त्यामुळे टिप आपल्या खुशीची. यंत्रावर शून्य दाबलं तरी चालतं. आणि शंभर ग्रॅमचा भाव ही काही लबाडी नाही, चांगल्या ठिकाणीही तो असतोच. लबाडी आहे ती वजन न सांगण्यात आणि आतल्या आत मासा बदलण्यात. समुद्रातला लू महाग, पिंजऱ्यात वाढवलेला स्वस्त, आणि पिंजऱ्यातले बहुतेक ताटलीच्या मापाचेच असतात. आमच्या ताटलीत तेच आले असणार, असं माझं मत. सिद्ध करता येणार नाही, डोकं टाकून दिलं ना!

बुयाबेसचंही तिनेच सांगितलं. मार्सेयच्या काही हॉटेलवाल्यांनी १९८० मध्ये एक सनद केली: ठरलेल्या यादीतले निदान चार प्रकारचे स्थानिक मासे हवेत, आणि मासे गिऱ्हाइकासमोर कापायचे. असली बुयाबेस बरेचदा आधी सांगून ठेवावी लागते आणि माणशी साठ युरोंच्या पुढे जाते. २९ युरोंचा फलक पाहूनच ओळखायला हवं होतं. तो फलक विकायला नव्हताच मुळी, आत ओढायला होता.

‘पण आई, तू भाव का नाही विचारलास?’ ती पुन्हा पुन्हा विचारत होती. खरं उत्तर सांगायला मला वेळ लागला. ठाण्याच्या बाजारात मी वाट्याचा भाव ठरल्याशिवाय पुढे सरकत नाही. तिथे रेशमी साडी नेसून, टेबलावर मेणबत्ती, पंचविसावा वाढदिवस, आणि ‘केवढ्याला?’ विचारायची मला लाज वाटली. दारातल्या माणसाला ही लाज बरोबर दिसते. साधं जेवण जेवायला आलेल्या माणसाला तो इतका गंडवू शकला नसता.

ग्राहकांच्या तक्रारींसाठी तिथल्या सरकारचं ‘सिन्याल कोंसो’ हे संकेतस्थळ आहे. मुलीने बिलाच्या आणि मेन्यूच्या फोटोसकट तक्रार टाकली. सुदैवाने ह्यांनी मेन्यू हातात धरलेला माझा फोटो काढला होता, मोठा केल्यावर ‘ले साँ ग्राम’ वाचता येतं. पैसे परत आलेले नाहीत, येतील असं वाटतही नाही.

त्या दुसऱ्या दिवशी रात्री मुलगी आम्हाला बंदरामागच्या चढावरच्या गल्लीत घेऊन गेली. समुद्र दिसत नव्हता. साडेसातशिवाय दार उघडलं नाही. खडूने लिहिलेली पाटी, जेमतेम पाच पदार्थ, फक्त फ्रेंच. मालकीणबाईंनी लू आणून दाखवला. मी कल्ला नंतर बघितला. आधी विचारलं, केवढ्याला? काटा काउंटरवरच होता. साडेसहाशे ग्रॅम, शंभरला नऊ. बाईंनी टेबलावरच्या कागदावर ५८.५० लिहून माझ्याकडे वळवून दाखवलं. मासा आख्खा भाजून आला, टेबलापाशी उघडला, आणि मी काही म्हणायच्या आत डोकं माझ्या ताटात पडलं. ह्यांनी गालाचं मांस मागितलं. मी दिलं नाही.